दोन वर्षं पुढे

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आमच्या ख्रिस्ती मंडळ्या जी आत्मिक शिबिरं घेतात, त्यांत काउन्सेलर म्हणून वरच्या वर्गातली मुलंमुलीच का नेमतात, असं मोठी माणसं नेहमी विचारतात. वीस वर्षांच्या पोरीला काय कळतं? तिनं अठरा वर्षांच्या पोरीला काय मार्ग दाखवायचा? प्रश्न रास्त आहे. तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीच्या अशा एका शिबिरात मी हे काम पहिल्यांदा केलं, पुढेही करत राहिले, आणि दर खेपेला माझं मत पक्कं होत गेलं की हे काम त्याच वयात करायचं आहे.

शिकवायला तिथे माणसं असतातच. सकाळी पाळकसाहेब वचन सांगतात, दुपारी सेमिनरीतले एखादे सर अभ्यासावर, नात्यांवर, पैशांवर बोलतात. काउन्सेलरच्या वाट्याला उरतं ते मधलं सगळं. गरम पाण्याच्या बादल्यांचे नंबर, जेवणाची रांग, टेबललँडवर जाताना मागे रेंगाळणारी एखादी मुलगी, दिवे मालवल्यावर रजईतून आलेला प्रश्न, आणि दिवसातून दोनदा आठ-नऊ जणींचा गट घेऊन बसणं. पाळकांना विचारायची छाती होत नाही आणि आईला सांगता येत नाही, असं जे काही असतं ते या मधल्या वेळात बाहेर येतं. ताईकडे उत्तर असेलच अशी त्या मुलीची समजूत नसते. ताई याच वाटेनं दोन वर्षं पुढे गेली आहे, तिनंही हॉस्टेलचं पहिलं वर्ष काढलं आहे, आणि ती अजून प्रार्थना करते, एवढं तिला दिसतं. पाळक प्रार्थना करतात यात अठरा वर्षांच्या मुलीला नवल वाटत नाही. ते त्यांचं कामच आहे.

येणाऱ्या मुली नगरच्या, जालन्याच्या, मिरजेच्या, पुण्याच्या. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या मंडळीत अजून सगळे नगरच म्हणतात.) नगरला अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली काम सुरू केलं. आसपासच्या गावांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे ख्रिस्ती होऊन चार-चार पिढ्या झाल्या. त्या घरातली मुलगी शब्बाथ शाळेत वाढते. तिला वचनं पाठ असतात, नाताळच्या नाटकात ती एकदा तरी मरिया झालेली असते. मग बारावीनंतर ती पुण्याला येते आणि चार महिन्यांत तिच्या लक्षात येतं की रविवारी उपासनेला गेलं नाही तर इथे कोणी काही म्हणत नाही. घरी श्रद्धा सगळ्यांची मिळून होती. इथे ती तिच्या एकटीवर येऊन पडते, आणि आपल्याजवळ ती आहे की नाही हेच तिला सांगता येत नाही. या शिबिरात मला भेटलेल्या बहुतेक मुलींच्या मनातली पहिली भीती हीच होती. देव नाही असं त्यांना वाटत नव्हतं. आपण इतकी वर्षं नुसतं पाठ केलेलं म्हणत होतो की काय, असं वाटत होतं.

अशा वेळी मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे शारदासदन निघालं, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आख्खं बायबल मराठीत आणलं. अशा बाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र अजून सापडायचा होता. हे त्यांनी लपवलं नाही, आणि ती आठ वर्षं फुकट गेली असंही मानलं नाही. पहिल्यांदा मी हे गटात सांगितलं तेव्हा नगरकडची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘ताई, मग मला चारच महिने झालेत.’’ त्या दिवसापासून ती गटात बोलायला लागली.

वेळापत्रक आखणाऱ्यांशी माझं एका बाबतीत कायम भांडण होतं, आणि ते मी सोडणार नाही. मुली येतात त्या थकून. सेमिस्टरची परीक्षा नुकती संपलेली असते, काही जणी रात्रभर एसटीत बसून आलेल्या असतात, मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या असतात. अशा मुलींना पोहोचल्या दिवशीच रात्री दहापर्यंत सभेत बसवू नये. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळून जातो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याला उपदेश करायला कोणी येत नाही. देवदूत येतो तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा जेवायला घालतो. होरेब डोंगरापर्यंतचा लांबचा प्रवास आणि तिथला तो मंद स्वर, हे सगळं नंतर. मी हा अध्याय पाळकसाहेबांसमोर ठेवला आणि पहिल्या संध्याकाळची सभा अर्ध्यावर आणली. आचारीमामांनी मटणाचा रस्सा आणि गरम भाकरी केल्या होत्या. मुली जेवल्या आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशीचे चेहरे वेगळे होते.

आता एका मुलीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. तिचं गाव, तिची ओळख मी इथे बाजूला ठेवते, पण तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

गटचर्चेत ती हसतमुख असायची, सगळ्यांच्या आधी चादरी घडी करून ठेवायची. एका दुपारी भांडी विसळताना तिनं विचारलं, ‘‘ताई, येशूमुळे माझं नुकसान झालं असं मनात आलं तर ते पाप आहे का?’’ मग तिनं सांगितलं. तिच्या आजोबांचे सख्खे भाऊ शेजारच्याच घरात राहत. आजोबांपासून यांचं घर ख्रिस्ती, त्या भावानं मात्र 1956 नंतर बाबासाहेबांमागून बौद्ध धम्म घेतला. दोन्ही घरांत जाणंयेणं, एकमेकांच्या लग्नात राबणं, सगळं चालू. ती आणि तिची चुलत बहीण एकाच वर्षी बारावी झाल्या, एकाच सायबर कॅफेत बसून प्रवेशाचे अर्ज भरले. बहिणीजवळ अनुसूचित जातीचा दाखला होता, हिला तो मिळणार नव्हता. गुण हिला जास्त होते. फी हिच्या वडिलांनी कर्ज काढून भरली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात तिसरा परिच्छेद आहे, आणि त्यानुसार ठरावीक धर्माच्या माणसालाच अनुसूचित जातीचं मानलं जातं. सुरुवातीला फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये ही धर्माची अट काढून टाकायची शिफारस केली, पण ती अंमलात आली नाही. आदेश निघाला तो दिवस 10 ऑगस्ट. म्हणून दलित ख्रिस्ती संघटना दर वर्षी त्या दिवशी काळा दिवस पाळतात. आणि गावात? गावात त्या दोन बहिणींना मिळणारी वागणूक तीच होती. कोणाच्या आजोबांनी कोणता धर्म घेतला हे विचारून कोणी ओटीवर बसू देत नव्हतं.

तिला मी काय सांगायला हवं होतं? देव दुसऱ्या मार्गानं भरून देईल, असं म्हणणारी माणसं तिला आधीच भेटली होती. ते वाक्य ती इतक्या वेळा ऐकून आली होती की माझ्या तोंडून येईल म्हणून तिनं आधीच मान हलवायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, नुकसान झालंय. हे खरं आहे, आणि खरं बोलणं पाप नाही. मग आदेशाचा इतिहास सांगितला. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मंडळीत तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं की आपल्याच घराच्या कागदपत्रांत काहीतरी चूक आहे. हा लाखो माणसांचा प्रश्न आहे, त्यासाठी माणसं कोर्टात उभी आहेत, हे कळल्यावर तिच्या बोलण्यातला सूर बदलला. रागच आला तिला, पण आता तो घरच्यांवर किंवा देवावर नव्हता.

तिनं पुढे आणखी एक विचारलं, आणि ते मला जास्त अवघड वाटलं. मंडळीत तरी सगळे एक आहेत का? नाहीत. सोयरीक जमवताना आमच्यातही आधीची जात विचारतात, हे तिला माहीत होतं, मलाही होतं. येशूच्या नावानं एका ताटात जेवायचं आणि लग्नाच्या वेळी ताट बदलायचं, हे मला असह्य आहे, आणि शिबिराच्या व्यासपीठावरून याबद्दल कोणी बोलत नाही हेही असह्य आहे. त्या रात्री आमच्या गटानं याच विषयावर बोलायचं ठरवलं. पुण्याच्या इंग्रजी शाळेतल्या दोघी हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. ठरलेला पाठ दुसराच होता, तो राहून गेला. मला त्याची खंत नाही.

गाण्यांबद्दल थोडंसं. सभेत गिटार असते, पडद्यावर इंग्रजी गाणी येतात, आणि मराठी माध्यमातल्या मुली ओठ हलवत उभ्या राहतात. एका सकाळी कोणीतरी पेटी काढली आणि ‘उपासना संगीत’ उघडलं. ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली तशा त्याच मुली टाळ्या धरून, डोळे मिटून गायला लागल्या. त्यांच्या आज्यांनी जात्यावर म्हटलेली गाणी होती ती. गिटारशी माझं वैर नाही. पण ज्या भाषेत मुलगी रडते त्या भाषेत तिला प्रार्थना करू द्यावी, एवढं तरी शिबिरानं पाहावं.

शिबिराआधी आमचं प्रशिक्षण होतं, त्यातला एक नियम मला सुरुवातीला कठोर वाटला होता: गुप्ततेचं वचन कधीही द्यायचं नाही. मुलगी म्हणते, ताई, कोणाला सांगणार नाहीस ना? त्यावर शिकवलेलं उत्तर असं होतं, की जे सांगशील ते मी चघळणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मदत आणण्यापुरतं मी सांगणार, आणि तुला विचारून, तुझ्याबरोबर राहून सांगणार. पहिल्या वर्षाच्या काही मुली अजून अठराच्याही नसतात. त्यांच्यापैकी कोणी लैंगिक अत्याचाराबद्दल बोलली तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. हे आधीच स्पष्ट सांगितल्यावर मुली बोलायच्या थांबतील अशी मला भीती होती. उलट झालं. मोठं माणूस येऊन काहीतरी करील, हे ऐकून काही जणींना सुटल्यासारखं वाटलं.

एकीच्या पिशवीत नैराश्याच्या गोळ्या होत्या आणि त्या तिनं शिबिराला येण्याआधी बंद केल्या होत्या. नात्यातल्या कुणीतरी म्हटलं होतं, विश्वास असेल तर गोळी कशाला? या वाक्याचा मला संताप येतो. मिरजेला मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय काढलं. मिशनची माणसं या महाराष्ट्रात प्रार्थनाही करत होती आणि शस्त्रक्रियाही करत होती, आणि त्या दोन्हींत त्यांना भांडण दिसलं नाही. आमच्या कितीतरी आया-आज्या मिशनच्या दवाखान्यांत नर्स म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्या नातीला कोणी सांगावं की औषध घेणं म्हणजे अविश्वास? मी त्या मुलीला मिरजेची गोष्ट सांगितली. पाळकीणबाई स्वतः नर्स होत्या. त्यांनी तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता शिबिरात प्रत्येक काउन्सेलरच्या वहीच्या पहिल्या पानावर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक लिहिलेला असतो. सरकारनं तो 2022 मध्ये सुरू केला. दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलतो.

दुसऱ्या एकीनं विचारलं होतं, देवावर चिडलं तर चालतं का? तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. आम्ही दोघींनी मिळून 88 वं स्तोत्र वाचलं. स्तोत्रांत तक्रार खूप आहे, पण बहुतेक ठिकाणी शेवटाकडे आशेचा शब्द येतो. 88 व्या स्तोत्रात तो येत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाशीच बोललेलं आहे. वाचून झाल्यावर मी काही समजावून सांगितलं नाही. तिनं ते पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचलं.

शेवटची रात्र शेकोटीची असते. गाणी, साक्षी, आणि मग आवाहन: ज्यांना आज प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यांनी उभं राहावं. या क्षणाबद्दल मी सावध आहे, आणि सावधच राहणार. त्या रात्री उभ्या राहिलेल्या कितीतरी जणी मनापासून उभ्या राहतात, त्यांतल्या काहींचं आयुष्य खरंच वळतं, हे मी पाहिलं आहे. पण थंडी, जाळ, मैत्रिणीचा हुंदका आणि उद्या घरी जायचं आहे ही जाणीव, यांच्या मिळून झालेल्या धक्क्यानं उभी राहणारीही एखादी असते. शेजारची सगळी रांग उभी राहिली आणि आपण एकट्याच बसलो आहोत, हे अठराव्या वर्षी फार जड जातं. प्रशिक्षणाला एक जेझुइट फादर आले होते. त्यांनी इग्नेशियस लोयोलांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाबद्दल सांगितलं. 1548 मध्ये पोपच्या संमतीनं छापलेल्या त्या पुस्तकात मार्गदर्शकाला बजावलेलं आहे की साधकाला या बाजूला किंवा त्या बाजूला ओढू नकोस, तराजूच्या काट्यासारखा मध्ये राहा, आणि देवाला त्या माणसाशी थेट बोलू दे. आम्ही प्रॉटेस्टंट, पण काउन्सेलरनं काय करावं हे मला इतकं नेमकं दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

आणि लांब जायचं तरी कशाला, आमच्याच घरात लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्यांचे पती ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. ‘स्मृतिचित्रे’त तो सगळा कल्लोळ आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्या भांडल्या, रडल्या, सोवळं सांभाळत वेगळ्या चुलीवर शिजवत राहिल्या, मग हळूहळू माणसामाणसांतली शिवाशीव त्यांच्या मनातून गेली. कोणा सभेत उभं राहून हे झालं नाही. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्याच बाईंनी पुरं केलं. शेकोटीच्या त्या रात्री माझ्या शेजारी एक मुलगी बसून राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीही बसूनच होते. मी तिला हळू आवाजात लक्ष्मीबाईंची पाच वर्षं सांगितली. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या वेळी पुढे यायचं की नाही, हेही तिचं तिनं ठरवलं.

शिबिर संपलं की देणगीदारांना अहवाल जातो. त्यात एक रकाना असतो, किती जणांनी निर्णय घेतला. आम्ही तिघी काउन्सेलर पाळकसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, यंदा आणखी एक यादी करू या. कोणती मुलगी कुठल्या हॉस्टेलवर राहते, तिथून जवळची मराठी उपासना कुठे असते आणि किती वाजता, आणि पहिल्या रविवारी तिला न्यायला कोण येणार. पाळकसाहेब म्हणाले, देणगीदारांना आकडा लागतो, त्याशिवाय पुढच्या वर्षी बस मिळत नाही. ते खरंच होतं, आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनीच वही काढली आणि पुण्यातल्या पाळकांना एकेक फोन लावायला सुरुवात केली. आम्ही नावं वाचत गेलो. बहुतेक जणींचं जमलं. दोघींची हॉस्टेलं फार लांब होती, त्यांच्यासाठी स्कूटरवाली मुलगी शोधावी लागली. दाखल्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी यादीत शेवटी आली. तिच्या मंडळीचं नाव लिहून झालं तेव्हा पाळकीणबाई आतून म्हणाल्या, ‘‘तिला उपासनेनंतर जेवायला थांबवून घ्या म्हणावं, रविवारी रात्री हॉस्टेलची मेस बंद असते, डबाही भरून द्या.’’ पाळकसाहेबांनी पुन्हा फोन लावला.